गर्दी मोजू नका, गैरहजेरी मोजा

प्रति,
आरोग्य, क्रीडा, शिक्षण, रस्ते आणि उद्याने या खात्यांचे निर्णय घेणारे सर्व लोकप्रतिनिधी आणि अधिकारी

महोदय, महोदया,

सप्रेम नमस्कार.

‘लोकांनी हालचाल वाढवावी’ म्हणून आपली खाती वर्षातून एखादी तरी मोहीम काढतात. भल्या सकाळी शिट्टी वाजते, सगळ्यांच्या अंगात एकाच रंगाचे टी-शर्ट असतात, उंचावरून फोटो निघतात आणि दुसऱ्या दिवशी बातमी येते की इतके हजार नागरिक सहभागी झाले. मी फिजिओथेरपिस्ट आहे. एका सार्वजनिक दवाखान्यात काम करते. दुखरे गुडघे, कंबर, खांदे आणि पक्षाघातानंतर पुन्हा शिकावी लागणारी पावले, हे माझे रोजचे काम. हालचालीची सर्वांत जास्त गरज असलेली माणसे मला रोज भेटतात आणि त्यांतले जवळजवळ कुणीही त्या हजारांत नसते. ते का नसते आणि त्याबाबत आपल्याला काय करता येईल, एवढ्यापुरतेच हे पत्र.

व्यायामाचे फायदे सांगण्यात आपला वेळ घेत नाही. ती गोष्ट सिद्ध होऊन सत्तर वर्षे झाली. १९५३ मध्ये ब्रिटिश संशोधक जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या दुमजली बसच्या ड्रायव्हर आणि कंडक्टरांची तुलना प्रसिद्ध केली. बस तीच, रस्ते तेच, मालकही तोच. ड्रायव्हर दिवसभर बसून आणि कंडक्टर दिवसभर जिन्याने वरखाली. हृदयविकार ड्रायव्हरांमध्ये जास्त आढळला. कंडक्टरांना झाला तरी तो उशिरा आणि सौम्य. मॉरिस स्वतःच्या निष्कर्षावर लगेच भाळले नाहीत, हे मला फार आवडते. त्यांनी पुढे गणवेशाच्या मापांच्या नोंदी काढल्या, तर ड्रायव्हर मंडळींची कंबर नोकरीच्या सुरुवातीपासूनच मोठी निघाली. म्हणजे सगळे श्रेय जिन्याला देता येत नव्हते. पण टपाल खात्यात, पायी आणि सायकलवरून पत्रे वाटणारे आणि टेबलाशी बसून काम करणारे यांच्यातही फरक त्याच दिशेने दिसला. पुढे अनेक देशांतल्या अभ्यासांनी तेच दाखवले.

या अभ्यासातली एक बाब मात्र मोहिमांच्या फाइलींत कुठेच पोहोचली नाही. त्या कंडक्टरांना कुणी प्रेरणा दिली नव्हती. घोषवाक्य नव्हते, पदक नव्हते, की पावले मोजणारे ॲप नव्हते. जिना कामाच्या वाटेतच होता, म्हणून ते चढत होते.

आपण मात्र गेली कित्येक वर्षे जिना सोडून घोषवाक्यावरच खर्च करत आलो. त्याचा परिणाम जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांत दिसतो. २०१० मध्ये जगातले सुमारे २६ टक्के प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते. २०२२ मध्ये हे प्रमाण ३१ टक्क्यांवर गेले, म्हणजे सुमारे १८० कोटी माणसे. २०१८ साली जगातल्या सरकारांपुढे ठेवलेले उद्दिष्ट नेमके उलट होते. २०३० पर्यंत निष्क्रियता १५ टक्क्यांनी घटायला हवी होती. सरासरीच्या आत डोकावले तर पुरुषांत २९ टक्के आणि स्त्रियांत ३४ टक्के. ११ ते १७ वयोगटात तर २०१६ च्या आकड्यांनुसार ८१ टक्के मुले-मुली कमी पडत होती, त्यातही मुली जास्त. एवढ्या मोठ्या संख्येला ‘आळशी’ म्हणणे सोपे आहे, पण त्यातून एकही पायवाट तयार होत नाही.

सल्ला देणे म्हणजे काय असते, ते माझ्या टेबलावरून सांगते. पंचेचाळिशीची एक बाई गुडघेदुखीसाठी येते. सफाईचे काम करते. सकाळी अंधारात घर सोडते, दोन वाहने बदलून कामावर जाते, आठ-नऊ तास उभी, वाकलेली, बादल्या उचलत. घरी अंथरुणाला खिळलेले माणूस. रक्तदाब वाढलेला, साखर काठावर. हातात डॉक्टरांची चिठ्ठी: ‘रोज ३० मिनिटे चालणे’. ती मला विचारते, “मी दिवसभर पायांवरच तर असते. अजून किती चालू?” प्रश्न अगदी बरोबर आहे आणि संशोधनही तिच्याच बाजूने बोलते. फावल्या वेळात, स्वतःच्या मर्जीने केलेल्या हालचालीचा हृदयाला जो फायदा होतो, तो पोटासाठी केलेल्या जड कामातून तेवढा मिळताना दिसत नाही. काही अभ्यासांत तर जड अंगमेहनत करणाऱ्या पुरुषांत अकाली मृत्यूचे प्रमाण जास्त आढळले. त्यातला किती भाग कामाचा आणि किती गरिबी, धूम्रपान, अपुऱ्या झोपेचा, यावर तज्ज्ञांत वाद आहे. पण तासन्‌तास तीच हालचाल, मध्ये विश्रांती नाही, वेग दुसऱ्याच्या हातात, अशा श्रमाला व्यायाम म्हणता येत नाही, हे माझ्याकडच्या कुठल्याही रुग्णाला पटवावे लागत नाही.

तिला हवे आहे ते वेगळेच: मांडीच्या स्नायूंना बळ देणारे मोजके व्यायाम, कामाच्या मध्ये बसायला खुर्ची, आणि दिवसातला थोडा स्वतःचा वेळ. पहिली गोष्ट मी देऊ शकते. खुर्ची आणि वेळ आपल्या हातात आहेत, कामगारविषयक नियमांतून आणि आजारी माणसाच्या देखभालीची सोय करून. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१८ च्या अहवालानुसार घरातले बिनपगारी काम आणि देखभाल यांत स्त्रियांचे दिवसाला सरासरी ४ तास २५ मिनिटे जातात, पुरुषांची १ तास २३ मिनिटे. फरक तीन तासांचा. प्रौढांसाठी सुचवलेली आठवड्याला १५० मिनिटांची हालचाल, म्हणजे दिवसाला वीस-बावीस मिनिटे ‘कुणालाही काढता येतील’ असे व्यासपीठावरून सांगणाऱ्यांनी हा तीन तासांचा फरक आधी समजून घ्यावा.

जाता जाता, चिठ्ठीतला मजकूर तेवढा लगेच बदलता येईल. एका वेळी सलग दहा मिनिटे तरी झाली पाहिजेत, ही जुनी अट जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत काढून टाकली आहे. दोन मिनिटांची हालचालही मोजली जाते. पासष्टीपुढच्यांना तोल सांभाळण्याचे आणि ताकदीचे व्यायाम आठवड्यातून तीनदा सुचवले आहेत, कारण पडणे टळते. त्याच सूचनांत अपंगत्व असलेल्या आणि जुनाट आजार असलेल्या माणसांसाठी पहिल्यांदाच स्वतंत्र शिफारशी आल्या. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक चिठ्ठ्यांना यातले काहीच माहीत नसते.

आता विषमतेबद्दल. ज्युलियन ट्यूडर हार्ट नावाच्या वेल्समधल्या डॉक्टरांनी १९७१ मध्ये एक निरीक्षण मांडले होते. चांगली वैद्यकीय सेवा जिथे सर्वांत जास्त लागते, तिथेच ती सर्वांत कमी मिळते. व्यायामाच्या मोहिमांचे तसेच होते. ज्या योजनेत माणसाने स्वतः माहिती काढायची, फॉर्म भरायचा, बूट घ्यायचे, सकाळ मोकळी ठेवायची, ती योजना आधी कोण उचलणार? ज्याच्याकडे फोन, बूट आणि मोकळी सकाळ आहे तो. त्याची तब्येत आणखी सुधारते. आकडेवारीत सरासरीही सुधारते. आणि जो मागे होता तो आणखी मागे पडतो. म्हणजे सार्वजनिक पैशातून आपण दरी रुंद केली, आणि अहवालात ते यश म्हणून नोंदवले. पावलांच्या स्पर्धेचेच पाहा. कामावर शिरताना फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो अशा माणसाची दिवसभराची पावले त्या ॲपच्या लेखी शून्य.

यावर उपाय म्हणून फक्त ‘गरीब वस्त्यांसाठी’ वेगळी योजना काढा, असे मी म्हणत नाही. तशी योजना लवकरच दुय्यम दर्जाची होते आणि पहिल्या कपातीत जाते. आरोग्यातल्या विषमतेचे अभ्यासक मायकल मार्मट यांच्या समितीने २०१० मध्ये इंग्लंडसाठी जो मार्ग सुचवला तो मला व्यवहार्य वाटतो: सेवा सर्वांसाठी, पण जिथे गरज जास्त तिथे तिचा जोर जास्त. उद्याने सगळ्यांची, पण या वर्षी दिवे, बाक आणि माळी कुठल्या उद्यानाला आधी, हे ठरवताना नकाशा समोर ठेवायचा.

रस्ते खात्याशी थोडे सविस्तर बोलायचे आहे. अनेक ठिकाणी पादचारी सिग्नलचा वेळ ठरवताना माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असे धरतात. इंग्लंडमधल्या एका मोठ्या आरोग्य पाहणीत पासष्टीपुढच्या पुरुषांचा सरासरी वेग सेकंदाला ०.९ मीटर आणि स्त्रियांचा ०.८ मीटर निघाला. १२ मीटर रुंदीचा रस्ता घ्या. कागदावर तो १० सेकंदांत पार होतो. ०.८ च्या वेगाने चालणाऱ्या आजी दहाव्या सेकंदाला ८ मीटरवर असतात. पुढे अजून ४ मीटर, म्हणजे एका लेनहून जास्त अंतर, आणि समोरच्या गाड्या सुटण्याच्या बेतात. असा एकदा हॉर्न कानावर आला की त्या एकट्याने रस्ता ओलांडायचे सोडतात. पलीकडचे उद्यान, वाचनालय, मैत्रीण, सगळे बंद. घरात बसून मांडीचे स्नायू आणखी झिजतात, वेग आणखी उतरतो, आणि मग त्या माझ्याकडे येतात, बहुतेकदा कुठेतरी पडल्यानंतर. मी सहा आठवडे घाम गाळून त्यांचा वेग थोडा वाढवते. आपल्या अभियंत्याला सिग्नलच्या पेटीत पाच सेकंद वाढवायला किती वेळ लागेल?

सायकल चालवा, पायी जा, हे सांगणेही रस्त्याशी बांधलेले आहे. २०२१ मध्ये जगभरात रस्त्यांवर सुमारे ११.९ लाख माणसे मेली आणि त्यांत निम्म्याहून जास्त पादचारी, सायकलस्वार आणि मोटारसायकलवाले होते. जो आधीच पायी जातो, कारण त्याच्याकडे दुसरे साधन नाही, त्याला चालण्याचे महत्त्व पटवणे हा विनोद आहे. त्याला फुटपाथ द्या. आरोग्य खात्याच्या हाती पत्रके आणि रस्ते खात्याच्या हाती लोकांचे आरोग्य, अशी ही उलटी वाटणी आहे.

उद्यानांविषयी एक नाजूक मुद्दा आहे. तो सरकारी बैठकीत कुणी काढत नाही, म्हणून इथे लिहिते. बाळंतपणानंतर आणि पाळी जाण्याच्या सुमारास अनेक स्त्रियांना खोकताना, उड्या मारताना किंवा भरभर चालताना थोडी लघवी निसटते. त्या कुणाला सांगत नाहीत. चालणे मात्र बंद करतात. गुडघ्यासाठी आलेली बाई तिसऱ्या-चौथ्या भेटीत, दार लोटून घेतल्यावर, हे हळूच बोलते. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम शिकवले तर पुष्कळ जणींना चांगला गुण येतो. पण तोवर चालण्याच्या वाटेवर स्वच्छ, उघडे, पाणी असलेले शौचालय नसेल तर ती वाट तिच्यासाठी नाहीच. मधुमेही, वयस्क पुरुष, लहान मुलांना घेऊन येणारे, या सगळ्यांना हेच लागू. व्यायामाच्या यंत्रांचे उद्घाटन करता येते. नळ दुरुस्त झाला म्हणून फीत कोण कापणार! तरी पुढची चार यंत्रे बसवण्याआधी नळाकडे एकदा बघा. फाटकात दुचाकी शिरू नये म्हणून जे लोखंडी खांब ठोकले आहेत, त्यांतून व्हीलचेअर जाते का, तेही टेप लावून पाहा. दुचाकीवाले बाजूने वाट काढतातच, व्हीलचेअरवरचा माणूस मात्र फाटकातूनच परत जातो.

व्हिएन्नात १९९० च्या दशकात असे लक्षात आले की साधारण दहाव्या वर्षानंतर मुली सार्वजनिक उद्यानांतून दिसेनाशा होतात, मुलगे मात्र टिकतात. मोकळे मैदान एकच असेल तर ते दांडगट मुलांच्या ताब्यात जाते. मग त्यांनी काही उद्याने बदलली, जास्त वाटा काढल्या, मैदानाचे तुकडे केले, इतर खेळांना जागा दिली. मुली परत आल्या. त्या मुलींना ‘आत्मविश्वास वाढवा’ म्हणून व्याख्यान द्यावे लागले नाही. आपल्या खात्यांनी मैदाने बांधताना असा प्रश्न कधी विचारला असेल, तर मला वाचायला आवडेल.

ज्या शहरांनी हे मनावर घेतले, त्यांनी काय केले ते सांगते. कोलंबियाची राजधानी बोगोटा इथे १९७४ पासून रस्ते गाड्यांसाठी बंद ठेवण्याची प्रथा आहे. आज रविवारी आणि सुटीच्या दिवशी सकाळपासून दुपारपर्यंत १२० किलोमीटरहून जास्त रस्ते चालणाऱ्यांचे आणि सायकलींचे असतात. उद्यानांत फुकट सामूहिक व्यायामाचे वर्गही चालतात. रस्ता आधीच बांधलेला होता, बदलला तो त्यावरचा हक्क. आणि हे वर्षातून एकदा नव्हे, दर आठवड्याला. शरीर वर्षातून एकदा केलेली गोष्ट लक्षात ठेवत नाही. ब्राझीलमधल्या रेसिफे शहराने २००२ मध्ये सार्वजनिक जागांत पगारी प्रशिक्षक नेमून मोफत वर्ग सुरू केले. पुढे २०११ मध्ये त्या देशाने ती कल्पना राष्ट्रीय पातळीवर नेली आणि ती प्राथमिक आरोग्यसेवेशी जोडली. या वर्गांना येणाऱ्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने असतात. मला यातला ‘पगारी’ हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. स्वयंसेवकांवर चालणारे उपक्रम जिथे लोकांकडे मोकळा वेळ असतो तिथे तगतात, आणि जिथे नसतो तिथे तीन महिन्यांत मावळतात. यंत्र गंजते. प्रशिक्षक मात्र आलेल्या बाईला नावाने ओळखतो आणि दोन आठवडे ती आली नाही तर विचारपूस करतो.

शाळांबाबत थोडक्यात. शाळेच्या संघात अकरा मुले, बाकीची टाळ्या वाजवायला, ही पद्धत क्रीडापटू शोधण्यासाठी ठीक असेल, आरोग्यासाठी निरुपयोगी आहे. स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंगच्या एका प्राथमिक शाळेने २०१२ मध्ये सगळ्या मुलांना रोज पंधरा मिनिटे शाळेच्याच कपड्यांत बाहेर धावायला-चालायला सोडण्याचा पायंडा पाडला आणि तो पुढे अनेक देशांत गेला. त्याचे मोजता येण्याजोगे फायदे किती, यावर अभ्यासांचे निष्कर्ष संमिश्र आहेत. तरीही निवड नाही, खेळाचा वेगळा गणवेश नाही, खर्च नाही, कुणीही बाहेर राहत नाही, एवढ्यासाठी मला तो आपल्या बहुतेक क्रीडा महोत्सवांपेक्षा उजवा वाटतो. आणि शाळेची मैदाने संध्याकाळी कुलपात का असतात, याचे खरे कारण मुख्याध्यापकांचा आडमुठेपणा नसतो. कुणाचा पाय मोडला तर जबाबदार कोण, रात्री राखणदाराचा पगार कुणी द्यायचा, ही दोन उत्तरे लेखी मिळाली तर पुष्कळ कुलपे निघतील. ती द्यायला कायदा बदलावा लागत नाही, आपले एक परिपत्रक पुरते.

पैसे नाहीत, हे उत्तर मला माहीत आहे. वरच्या मागण्यांत सिग्नलचे सेकंद, चिठ्ठीचा मजकूर, परिपत्रक आणि फाटकातला खांब यांना फारसा खर्च नाही. प्रशिक्षक आणि शौचालये यांना आहे, तोही दरवर्षीचा. पण काहीच न करण्याचा खर्चही चुकत नाही. निष्क्रियतेचे हेच प्रमाण राहिले तर २०२० ते २०३० या काळात जगभरात सुमारे ५० कोटी माणसांना टाळता येण्याजोगे आजार नव्याने होतील, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. हृदयविकार, मधुमेह, नैराश्य, स्मृतिभ्रंश. त्या औषधांचे बिल आरोग्य खात्याकडे येते आणि ते आपण मुकाट भरतो.

म्हणून हिशेबाची पद्धत बदला, ही माझी मुख्य मागणी. कुठल्याही उपक्रमाला आलेल्यांची संख्या जाहीर करण्याऐवजी त्या भागात कोण राहते आणि त्यातले कोण आले नाही, हे जाहीर करा. त्यात स्त्रिया किती, साठीपुढचे किती, अपंगत्व असलेले किती, अंगमेहनतीची कामे करणारे किती हे सांगा. सहा महिन्यांनी त्यातले कितीजण अजून येतात तेही सांगा. सर्वांत मागे असलेल्या वस्तीत आकडा हलला नसेल, तर एकूण सहभाग दुप्पट होऊनही तो उपक्रम फसला असे अहवालात स्पष्ट लिहा. न येणाऱ्यांना का येत नाही हे विचारायला माणूस पाठवा, ऑनलाइन प्रश्नावली नको. प्रश्नावली भरणारे बहुधा तेच असतात जे आधीच आले होते.

हे पत्र पाच खात्यांच्या नावे आहे आणि याचा एक धोका मला दिसतो. आरोग्य खाते ते रस्ते खात्याकडे ‘योग्य कार्यवाहीसाठी’ पाठवेल, रस्ते खाते उद्यानांकडे, उद्याने शिक्षणाकडे. कृपया तसे करू नका. पाचही खात्यांचे मिळून एकच उत्तर द्या, आणि खाली अशा एका अधिकाऱ्याची सही असू द्या ज्याला एका खात्याचा निधी दुसऱ्या खात्याच्या कामासाठी वळवण्याचा अधिकार आहे. असा अधिकारी आज कुठल्याच पदावर नसेल, तर उत्तरात तेच कळवा.

आपली,
सार्वजनिक दवाखान्यातली एक फिजिओथेरपिस्ट